कातडीखालचा चुरा

तांबड्या समुद्राच्या काठी एका निर्जन बेटावर एक पारशी राहत होता. डोक्यावर सूर्याचे किरण परतवणारी झगझगीत टोपी, हाताशी एक सुरी आणि तेलाचा एक स्टोव्ह, एवढाच त्याचा संसार. एके दिवशी त्याने मैदा, पाणी, बेदाणे, मनुका आणि साखर एकत्र करून दोन फूट रुंद आणि तीन फूट जाड असा प्रचंड केक भाजला. तो तांबूस होऊन घमघमाट सुटतो न सुटतो तोच आतल्या ओसाड मुलखातून एक गेंडा आला. पारशी जीव मुठीत धरून माडावर चढला. गेंड्याने स्टोव्ह उलटवला, वाळूत गडगडलेला केक शिंगावर टोचून घेतला, खाऊन टाकला आणि शेपटी हलवीत तो चालता झाला.

त्या काळी गेंड्याची कातडी अंगाबरोबर बसणारी, गुळगुळीत आणि पोटाखाली तीन बटणे लावलेली होती. पाच आठवड्यांनी असा उन्हाळा पेटला, की ज्याने त्याने अंगावरचे उतरवून ठेवले. गेंडाही बटणे काढून, कातडी वाळूत टाकून समुद्रात डुंबायला गेला. पारशी केकवरच जगत असे आणि आपली जागा कधी झाडत नसे. त्यामुळे शिळ्या केकचा चुरा आणि करपलेले बेदाणे त्याच्याकडे हवे तेवढे होते. टोपीभर चुरा त्याने कातडीच्या आत चोळला आणि माडावर जाऊन बसला. गेंडा बाहेर आला, त्याने कातडी चढवली, आणि खाज सुटली. लोळला, खाजवले, माडाच्या खोडाला अंग घासघास घासले. बटणे तुटली, कातडीच्या घड्या पडल्या, चुरा मात्र आतच राहिला. तेव्हापासून गेंड्याच्या अंगाला घड्या आणि स्वभावाला चिडकेपणा.

ही गोष्ट लिहिणारा आणि तिची चित्रेही स्वतः काढणारा लेखक मुंबईत जन्मला होता. त्याचे नाव रुडयार्ड किपलिंग. 'जंगल बुक'मुळे तो आपल्याकडे घरोघर माहीत झाला. १९९० च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर बसलेल्या पोरांना लेखकाचे नाव ठाऊक नसले, तरी मोगली, बगीरा आणि शेरखान घरच्यासारखे वाटत. गेंड्याची गोष्ट मात्र त्याच्या दुसऱ्या पुस्तकातली, 'जस्ट सो स्टोरीज'मधली. ते १९०२ साली निघाले. मुलांच्या चित्रपुस्तकांत केक पुष्कळ भेटतात, पण केकमुळे एका प्राण्याचे रूप कायमचे बदलल्याची गोष्ट विरळा.

ती आठवायला निमित्त झाले नातीच्या वाढदिवसाचे. आमच्या लहानपणी वाढदिवस म्हणजे पाट, रांगोळी, औक्षण आणि वाटीभर खीर. पुढे केक आला, तो गुलाबी फुलांचा आणि वर नाव लिहिलेला. आता मुले विषय ठरवतात. कुणाला मोटारगाडी हवी, कुणाला परी. आमच्या नातीने सातव्या वाढदिवसाला पुस्तक मागितले. म्हणजे वाचायला नव्हे, केकवर. मी तिला रात्री ज्या पुस्तकातून गोष्टी सांगत होतो, तेच पुस्तक तिला केकवर हवे होते.

हे काम आम्ही मनोरीच्या एका बाईंकडे सोपवले. मार्वेच्या धक्क्यावरून बोटीने खाडी ओलांडली की मनोरी. मालाडच्या शाखेत मी नोकरीला होतो तेव्हा तिकडची खातेदार मंडळी बोट पकडून येत आणि परतीच्या बोटीची वेळ सांभाळून निघत. कोळ्यांची आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची ही जुनी वस्ती. ईस्ट इंडियन म्हणजे याच मातीतले, मराठीचीच एक बोली बोलणारे लोक. लग्नाचा केक, नाताळची थाळी स्वीट, बदाम-साखरेचे मार्झिपान, पेरूचे चीज ही त्यांच्या घरची पिढीजात विद्या. त्या बाईंच्या ओट्यावर गेंडा घडताना पाहिला आणि त्याच्या कर्त्याचे आयुष्य मी नव्याने वाचायला घेतले.

किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ चा, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला. ते मूळ घर केव्हाच पाडले गेले, आज तिथे उभा आहे तो बंगला नंतरचा. ही शाळा १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई या पारशी दानशूराने दिलेल्या एक लाख रुपयांतून सुरू झालेली. रुडयार्डचे वडील जॉन लॉकवूड किपलिंग तिथे शिल्पकला शिकवायला विलायतेहून आले होते. शाळेसमोर क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ साली उभी राहिली. तिच्या प्रवेशद्वारावर कष्टकऱ्यांची जी उठावशिल्पे आहेत ती या लॉकवूडसाहेबांची. गंमत अशी, की मुंबईतल्या केक करणाऱ्या बायका साचे, नोझल, खाण्याचे रंग आणायला याच मंडईच्या परिसरात जातात. आमच्या मनोरीच्या बाईही तिथेच जातात. त्यांच्या पिशवीतला काळा रंग किपलिंगच्या बापाच्या शिल्पाखालून आला होता, हे त्यांना सांगितल्यावर त्या खूप हसल्या.

छोट्या रुडयार्डला घरी लाडाने रडी म्हणत. मराठी माणसाला या नावाचे हसू येईल, पण मुंबईतल्या त्याच्या दिवसांत रडण्यासारखे काही नव्हते. म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात त्याने पहिली आठवण नोंदवली आहे ती पहाटेच्या उजेडाची आणि आयाबरोबर फळबाजारात फिरताना खांद्याच्या उंचीवर दिसणाऱ्या सोनेरी-जांभळ्या फळांच्या राशींची. आया कॅथलिक होती. त्या काळी गोव्याच्या आणि साष्टी-वसईच्या ख्रिस्ती लोकांना इंग्रज सरसकट पोर्तुगीज म्हणत, किपलिंगनेही तिला तसेच म्हटले आहे. चरित्रकार तिला गोव्याची मानतात. इकडच्या ख्रिस्ती लोकांनी या घोटाळ्याला कंटाळून पुढे १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, आपली संस्था काढून ईस्ट इंडियन हे नाव घेतले. तर ही आया वाटेवरच्या क्रुसापाशी थांबून प्रार्थना करी आणि पोर शेजारी उभे राही. मीता नावाचा हिंदू गडी त्याला बोट धरून छोट्या देवळांत नेई. मनोरी-गोराईच्या रस्त्यांनी जाताना वळणावळणावर क्रूस दिसतात, फुले वाहिलेली असतात, मेणबत्ती लावलेली असते. तिथे थांबलेली बाई आणि तिचा पदर धरून उभे असलेले मूल पाहिले की मला त्या दोघांची आठवण होते.

दुपारी झोपवताना आया आणि मीता त्याला इकडच्या गोष्टी सांगत, गाणी म्हणत. मग आईबापांच्या खोलीत धाडताना आता इंग्रजीत बोल हं, अशी आठवण करून देत. मुलगा विचार करी आणि स्वप्ने पाही ती नोकरांच्या देशी बोलीत, आणि इंग्रजी बोले ते तिच्यातून अडखळत उलथे करून. संध्याकाळी फिरणे होई समुद्रकाठच्या माडांच्या बनात, माहीमच्या बाजूला. वारा सुटला की वरून नारळ पडत आणि आया दोन्ही पोरांना घेऊन मोकळ्यावर धावे. समोर अरबांची गलबते दिसत आणि ठेवणीतले कपडे घातलेले पारशी मावळत्या सूर्याला वंदन करायला पाण्यात उतरत.

समुद्र, माड आणि सूर्यापुढे उभा पारशी. तांबड्या समुद्राकाठच्या त्या बेटावर किरण परतवणारी टोपी घालून केक भाजणारा माणूस कुठून आला, हे आता निराळे सांगायला नको. चित्राखालच्या मजकुरात किपलिंगने त्याचे नावही दिले आहे, पेस्तनजी बोमनजी. लंडनच्या मुलांना ते नाव गमतीचे वाटले असेल. मुंबईच्या मुलाच्या कानांना ते रोजचे होते.

१८७१ साली हे सगळे एकदम संपले. त्या काळच्या अँग्लो-इंडियन कुटुंबांत मुलांना पाच-सहा वर्षांचे झाले की विलायतेला धाडत. इथली हवा, इथले आजार आणि नोकरांची भाषा यांपासून त्यांना वाचवायचे म्हणून. सहावे पुरे व्हायला आलेला रुडयार्ड आणि तीन वर्षांची बहीण ट्रिक्स यांना आईवडिलांनी दक्षिण इंग्लंडात साउथसी येथे होलोवे नावाच्या नवराबायकोकडे ठेवले आणि ते मुंबईला परतले. आपल्याला सोडून जात आहेत हे मुलांना नीट सांगितलेही नव्हते. पोसायला मुले ठेवून घेणारे ते परके घर. होलोवे बाई कर्मठ. मुलाच्या प्रत्येक खोडीत तिला पाप दिसे, आणि खोडी नसली की खोटेपणा दिसे. मार, उलटतपासणी, कोंडून ठेवणे. वाचन हे त्याचे एकच सुख, तर शिक्षा म्हणून पुस्तके बंद. तो चोरून, अपुऱ्या उजेडात वाची. डोळे अधू होत गेले, आणि अधूपणामुळे अभ्यास बिघडला की त्याचीही शिक्षा होई. नाताळात महिनाभर मावशीकडे, चित्रकार बर्न-जोन्स यांच्या घरी, जायला मिळे, तेवढाच सुटकेचा काळ. मावशीला त्याने काही सांगितले नाही. लहान मुले सांगत नाहीत. जे वाट्याला येते ते असेच असते, असे ती धरून चालतात.

पाच वर्षांहून अधिक काळ असा गेला. १८७७ साली आई परत आली. रात्री त्याला जवळ घेण्यासाठी ती खाटेवर वाकली, तर मुलाने मार चुकवायला हात वर केला. ही हकीकत त्यानेच पुढे लिहून ठेवली. काय झाले होते ते आईला त्या क्षणी कळले.

गेंड्याच्या गोष्टीतला चुरा मला इथे आठवतो. बाहेरून कातडी धड दिसते, बटणे लागलेली असतात, आणि आत काहीतरी टोचत राहते. किपलिंगने साउथसीवर १८८८ साली कथा लिहिली, कादंबरीत त्याची छाया आणली, सत्तरीला टेकल्यावर आत्मचरित्रात ते पुन्हा लिहिले. खाजवून खाज गेली नाही. त्याच्या कथांतून परक्या घरी वाढणारी मुले सारखी भेटतात. लांडग्यांत वाढलेला मोगली पुन्हा माणसांत जातो आणि दोन्हीकडून हाकलला जातो. लाहोरच्या गल्ल्यांत वाढलेला किम आपण कोण, हे विचारत हिंडतो. जंगल आपल्याकडचे, सिवनीचे. किपलिंग सिवनीला कधी गेला नव्हता, पुस्तके वाचून त्याने ते रान उभे केले. पण मोगलीचे एकटेपण त्याला कुठल्या पुस्तकातून घ्यावे लागले नाही.

डेव्हनमधल्या शाळेत चार वर्षे काढून, सतरावे सरत आले असताना, १८८२ च्या ऑक्टोबरात तो पुन्हा मुंबईच्या धक्क्यावर उतरला. इथला वास आणि उजेड अंगावर येताच त्याच्या तोंडून देशी बोलीतली वाक्ये आपोआप बाहेर पडू लागली. त्यांचा अर्थ तो विसरला होता, तरी ती जिभेवर होती. वडील तोवर लाहोरला कलाशाळेचे आणि वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख होते. तिथल्या इंग्रजी वृत्तपत्रात त्याने पाच वर्षे पडेल ते काम केले, मग अलाहाबादच्या 'पायोनियर'मध्ये गेला. १८८८ साली त्याच्या कथांची स्वस्त पुस्तके रेल्वे स्टेशनांवरच्या व्हीलरच्या दुकानांतून खपू लागली. १८८९ साली त्याने हिंदुस्थान सोडला. १८९१ च्या अखेरीस आईवडिलांना भेटायला लाहोरला येऊन गेला तो शेवटचा. उरलेली ४४ वर्षे तो इथे आला नाही, पण त्याच्या पुस्तकांवर अनेक वर्षे वडिलांनी काढून दिलेला एक शिक्का असे. सोंडेत कमळ धरलेले हत्तीचे मस्तक आणि शेजारी स्वस्तिक. आपल्या डोळ्यांना त्यात गणपतीच दिसतो. जर्मनीत नाझींनी स्वस्तिक बाटवले तेव्हा किपलिंगने ते पुस्तकांवरून काढायला लावले.

१८ जानेवारी १८९२ रोजी त्याने कॅरोलाइन बॅलेस्टियर या अमेरिकन मुलीशी लग्न केले आणि अमेरिकेत व्हरमाँट येथे, बर्फाच्या मुलखात, घर बांधले. त्याचे नाव ठेवले नौलखा. दोन्ही 'जंगल बुक' याच मुलखात लिहिली गेली, १८९४ आणि १८९५ साली निघाली. बाहेर हातभर बर्फ आणि कागदावर उन्हाने तापलेले रान. त्याच वर्षाच्या, १८९२ च्या, डिसेंबरात थोरली मुलगी जोसेफीन जन्मली होती. ज्याचे बालपण एकदम तुटले होते, त्या माणसाला मुलीच्या रूपाने ते परत मिळाले. तो तिला झोपवताना गोष्टी सांगू लागला. देवमाशाच्या गळ्यात जाळी कशी बसली, उंटाला मदार कशी आली, गेंड्याला घड्या कशा पडल्या. पोरीचा एकच कायदा, गोष्ट काल सांगितली तश्शीच सांगायची. शब्द बदलला किंवा गाळला की अर्धवट झोपेतून उठून ती सुटलेले वाक्य जागेवर बसवी. तश्शीच, म्हणजे जस्ट सो. पुस्तकाचे नाव त्या हट्टातून आले.

मेव्हण्याशी झालेल्या भांडणाने १८९६ साली त्यांना व्हरमाँट सोडावे लागले. १८९९ च्या हिवाळ्यात किपलिंग सहकुटुंब पुन्हा न्यूयॉर्कला गेला. प्रवास वादळी, मुले आजारी. तिथे त्याला आणि जोसेफीनला दोघांनाही न्यूमोनिया झाला. हॉटेलबाहेर बातमीदारांची गर्दी, जगभरातून तारा, सगळ्यांना लेखकाच्या प्रकृतीची काळजी. तो वाचला. ६ मार्च रोजी जोसेफीन गेली. तिला सहा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. तो इतका अशक्त होता, की काही दिवस त्याला हे सांगितलेच नाही. त्यानंतर त्याने अमेरिकेत पाऊल टाकले नाही.

'जस्ट सो स्टोरीज' त्यानंतर तीन वर्षांनी आले. पहिल्या तीन गोष्टी मासिकात छापून आल्या तेव्हा चित्रे दुसऱ्याची होती. या वेळी त्याने सगळी चित्रे स्वतः काढली आणि प्रत्येक चित्राखाली, मूल मांडीवर बसले आहे असे समजून, पानभर गप्पा लिहिल्या. पुस्तकात एका आदिमानवाच्या मुलीच्या दोन गोष्टी आहेत. ती बापाबरोबर मासे धरायला जाते, पहिले पत्र ती काढते आणि पहिली अक्षरे दोघे मिळून शोधून काढतात. ही मुलगी कोण, हे घरच्यांना माहीत होते. ज्या पानांवर आपण हसतो ती एका बापाने कोणत्या दिवसांत लिहिली, हे कळल्यावर पुस्तकाचे वजन हातात निराळे लागते.

चित्रे काळ्या शाईची आहेत. केळीचे झाड हिरवे आणि हत्तीचे पिल्लू तांबडे रंगवलेत तर बरे दिसेल, असे तो मुलांना सुचवतो. म्हणजे रंग भरायचे काम त्याने वाचणाऱ्यावर सोडले. मनोरीच्या स्वयंपाकघरात तेच चालले होते.

त्या बाईंनी आधी साधा लोण्याचा केक भाजून पुरता गार होऊ दिला. मग वरचा फुगवटा कापून सपाट केला. त्यावर लोणी-पिठीसाखरेचा अगदी पातळ हात फिरवला आणि केक अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवला. या पहिल्या हाताला त्या क्रम्ब कोट म्हणतात, चुरा धरून ठेवणारा लेप. तो दिला नाही तर कापलेल्या कडांचा चुरा वरच्या थरात येतो आणि सगळी सजावट खरबरीत होते. चुरा एकदा कातडीखाली गेला की कातडी बिघडलीच, असे त्यांनी सहज सांगितले. पारश्याची गोष्ट त्यांनी तोवर वाचली नव्हती.

मी ती सांगितली. मग त्यांनी फुगवट्याचा कापलेला तुकडा टाकून न देता कुस्करला, त्यात थोडे आयसिंग मळून गेंड्याचे धड वळले, लाडू वळतात तसे. वरून फॉन्डंट. हे साखर, ग्लुकोज आणि जिलेटिन मळून केलेले पोळीसारखे लाटता येणारे आवरण. पांढऱ्यात सुईच्या टोकाएवढा काळा रंग घालून त्यांनी राखाडी केला, जाडसर लाटला आणि गेंड्यावर पांघरला. एरवी केकच्या कोपऱ्यांवर या आवरणाला घडी पडली की काम वाया जाते, ती ताणून काढण्यात सगळे कौशल्य. इथे घड्याच हव्या होत्या. खांद्यावर एक, मांडीवर एक, मानेला दोन. समुद्राकाठच्या दमट हवेत फॉन्डंटला घाम सुटतो, म्हणून हाताला मक्याचे पीठ लावून त्या काम करीत होत्या. प्राणी दोन दिवस आधी करून पंख्याखाली वाळवले होते. बिस्किटांच्या भुग्याची वाळू, मार्झिपानचे माडाचे खोड, माथ्यावर टोपी सांभाळत बसलेला पेस्तनजी. पोटाखाली बटणे लावायची का, असे मी विचारले. ती तुटलेली ना, म्हणून त्यांनी तीन चंदेरी गोळ्या वाळूत टाकल्या. मूळ चित्रातही इतकी नेमकी जागा सापडली नसती. दुसऱ्या दिवशी केक एका खोक्यात आणि गेंडा वेगळ्या डब्यात, मांडीवर धरून, मार्वेची खाडी ओलांडून घरी आला.

आमचे एक स्नेही इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत. केक पाहून त्यांना कौतुक वाटले, आणि कुणाचे पुस्तक हे कळल्यावर त्यांनी मला बाजूला घेतले. जालियनवाला बागेत माणसे मारणाऱ्या डायरची बाजू घेणाऱ्या माणसाची चित्रे नातीच्या वाढदिवसाला कशाला, हा त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न खोटा नव्हता. १९२० साली लंडनच्या एका वृत्तपत्राने डायरसाठी निधी गोळा केला. २६ हजार पौंडांवर रक्कम जमली, त्यात किपलिंगचे १० पौंड होते. गोऱ्या माणसाने काळ्यांचे ओझे वाहावे असा उपदेश करणारी त्याची कविता प्रसिद्ध झाली ती १८९९ च्या फेब्रुवारीत, मुलीच्या मृत्यूच्या जेमतेम महिनाभर आधी. हिंदी माणूस राज्य करू शकेल हे त्याला कधी पटले नाही. ज्यांच्या बोलीत त्याने पहिली स्वप्ने पाहिली, त्यांच्याच स्वातंत्र्याच्या तो आड उभा राहिला. १९०७ साली नोबेल मिळाले, इंग्रजी भाषेतील लेखकाला मिळालेले ते पहिलेच, तेव्हा तो साम्राज्याचा कवी म्हणून मिरवला जात होता.

या साम्राज्यभक्तीची किंमत त्याच्या घरानेही दिली. मुलगा जॉन बापासारखाच अधू डोळ्यांचा. महायुद्ध पेटल्यावर सैन्याने त्याला नाकारले, तेव्हा बापाने लॉर्ड रॉबर्ट्स या आपल्या वजनदार मित्राकडे शब्द टाकून त्याला आयरिश गार्ड्समध्ये घ्यायला लावले. २७ सप्टेंबर १९१५ रोजी लूसच्या लढाईत जॉन पडला. अठरा पूर्ण होऊन सहा आठवडे झाले होते. बाप हयात असेतो त्याचा देह ओळखला गेला नाही. त्यानंतर किपलिंगने युद्धातील थडग्यांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगात काम केले, आणि नाव न कळलेल्या सैनिकांच्या दगडांवर जे शब्द कोरले जातात ते त्याने सुचवलेले आहेत. १८ जानेवारी १९३६ रोजी, लग्नाच्या वाढदिवशीच, तो वारला. मागे एकच मुलगी, एल्सी. तिला मूल झाले नाही. मुलांसाठी इतके लिहिणाऱ्या माणसाचा वंश १९७६ साली तिच्याबरोबर संपला.

माझी सगळी हयात बँकेच्या खातेवह्यांत गेली. एकाच माणसाची दोन खाती असली, तरी एकातली शिल्लक दाखवून दुसऱ्यातली थकबाकी पुसता येत नाही. थकबाकी आहे म्हणून शिल्लक नव्हतीच, असेही लिहिता येत नाही. दोन्ही पाने उघडी ठेवावी लागतात. किपलिंगचे १० पौंड आपल्या बाजूने येणेच आहेत, ते माफ करण्याचा अधिकार मला नाही. जालियनवाला बागेत ज्यांची माणसे गेली त्यांचा तो अधिकार. पण गेंडा, हत्तीचे पिल्लू आणि मोगली हे त्याने एकट्याने आणलेले भांडवल नव्हे. आयाने आणि मीताने मुंबईच्या दुपारी जे त्याच्या कानांत घातले, त्याचाही वाटा त्यात आहे. आपण त्याच्या गोष्टी मुलांना सांगतो, तेव्हा परक्याचे उसने घेत नाही, आपले थोडेसे परत घेतो. नात मोठी होईल तेव्हा तिला दुसरे पानही मीच वाचून दाखवीन. सात वर्षांच्या मुलीला ते आज सांगायचे नाही, आणि सतराव्या वर्षी तिच्यापासून लपवायचे नाही.

हे मी स्नेह्यांना सांगितले. ते पूर्ण पटले असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले नाही. मात्र ते मेणबत्त्या विझवण्याच्या वेळी थांबले, आणि केकही त्यांनी खाल्ला.

सात मेणबत्त्या मोजताना माझे मन क्षणभर जोसेफीनकडे गेले. तिची सातवी मेणबत्ती लागलीच नाही. मुलांना याची खबर नव्हती. गेंड्याचे शिंग कोणाला मिळणार यावर भांडण जुंपले होते आणि आत खरोखरच केकचा चुरा भरलेला निघाल्यावर घरभर एकच कल्ला झाला.

रात्री नातीला पुन्हा तीच गोष्ट हवी होती. मी दमलो होतो, म्हणून जरा आटोपती सांगू लागलो. गेंडा आला, केक शिंगावर टोचला आणि गेला, एवढ्यात डोळे मिटलेल्या पोरीने मला थांबवले. आधी स्टोव्ह उलटला, ते राहिले. मी मागे गेलो, स्टोव्ह उलटवला, केक वाळूत गडगडवला, आणि मग ती झोपली.